ब्रूमचं झुडूप: लावायचं कसं, कापायचं कधी, आणि कुठे अजिबात लावायचं नाही

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या आपल्या लोकांकडून दर एप्रिल-मेमध्ये हेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून टाकते. उत्तरं मुख्यतः ब्रिटनमधल्या बागांसाठी आहेत, कारण ब्रूम हे पिवळ्या फुलांचं झुडूप मूळचं पश्चिम आणि मध्य युरोपातलंच. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडवाल्यांनी आधी खाली तुमच्यासाठीचा प्रश्न वाचा आणि मग बाकीचं. भारतातल्यांसाठीही एक आहे.

मोटरवेच्या कडेला मेमध्ये पिवळंधमक दिसतं ते हेच का?

कधी हे, कधी दुसरंच. शेतच्या शेत पिवळं असेल तर ते रेपसीड, मोहरीच्या घरातलं पीक. उतारावर, रेल्वेलाइनच्या कडेला, रेताड माळावर झुडपं पिवळी झालेली असतील तर ब्रूम नाहीतर गॉर्स. दोन्ही एकाच कुळातली, दोघांची फुलंही वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची. फरक हात लावला की कळतो, गॉर्सला भयंकर काटे आणि ब्रूमला एकही नाही. शिवाय गॉर्सच्या फुलांना उन्हात खोबऱ्याचा वास येतो, तो आपल्या माणसाला ओळखायला वेळ लागत नाही. गॉर्सवर थोडीफार फुलं जवळपास वर्षभर असतात, ब्रूमचा मात्र एकदाच काय तो धडाका, साधारण एप्रिलअखेर ते जून. आणि झाडावरून पिवळे लांब घोस लोंबत असतील तर ते लॅबर्नम, ते वेगळं झाड आणि बरंच जास्त विषारी.

लेबलवर कुठे सायटिसस, कुठे जेनिस्टा, कुठे स्पार्टियम लिहिलेलं असतं. नक्की कुठलं घ्यायचं?

तिन्ही ब्रूम म्हणूनच विकतात. रानात दिसतं ते साधं ब्रूम म्हणजे सायटिसस स्कोपॅरियस, अमेरिकेत यालाच स्कॉच ब्रूम म्हणतात, दीड ते अडीच मीटर उंच होतं. गार्डन सेंटरमधली रंगीबेरंगी ब्रूम बहुतेक याचीच किंवा याच्या नातेवाइकांची हायब्रिड असतात. जेनिस्टा गटात बुटकी, पसरणारी बरीच आहेत. स्पार्टियम म्हणजे स्पॅनिश ब्रूम, भूमध्य समुद्राकडचं, मोठ्या फुलांचं, सुगंधी, आणि हे बाकीच्यांचं संपल्यावर उन्हाळ्यात फुलतं. खाली मी नुसतं "ब्रूम" म्हणेन तेव्हा सायटिसस धरा.

खरंच याचे झाडू करायचे का लोक?

हो, फांद्या लांब, लवचिक आणि चिवट असतात, त्यांची जुडी बांधून युरोपात शतकानुशतकं अंगण झाडलंय. आणि हेच झाडूचं झुडूप राजघराण्यापर्यंतही पोचलं. बाराव्या शतकातला अँजूचा काउंट जेफ्री याची डहाळी टोपीत खोवायचा असं सांगतात, त्याचा मुलगा ११५४ मध्ये दुसरा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि ज्या घराण्याला आपण प्लँटॅजेनेट म्हणतो ते नाव या झुडपाच्या लॅटिन नावावरून आलं. इंग्लंडचा इतिहास वाचताना हे नाव आलं की आता तुम्हाला पिवळं झुडूप दिसेल.

कुठे लावू? माझ्याकडे साऊथ फेसिंगचा एक कोपरा आहे पण तिथली माती एकदम फालतू आहे.

मग तोच कोपरा. खरं सांगायचं तर ब्रूमची सगळी गोष्ट इथेच संपते. याला दोनच गोष्टी लागतात, दिवसभराचं ऊन आणि पाणी न साठणारी जमीन. चांगली, काळी, भुसभुशीत, खतावलेली माती याला नकोच. रेताड, खडकाळ, उताराची, जिथे बाकी काही नीट येत नाही अशी जागा याला मानवते.

याचं कारण मुळांत आहे. हे तूर-हरभऱ्याच्या कुळातलं झुडूप, त्यामुळे मुळांवर गाठी असतात आणि त्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. शेतीची पार्श्वभूमी असलेल्यांना हे सांगायला नको. म्हणजे नत्राची सोय त्याची त्यानेच केलेली असते. त्यात पानं अगदी बारकी, आणि फार कोरडं पडलं तर ती पण गाळून टाकतं, कारण फांद्याच हिरव्या असतात आणि पानांचं बरंचसं काम त्याच करतात. एवढी तयारी गरिबीत जगायची असताना आपण तिथे कंपोस्टची पोती ओतायची म्हणजे काय?

आता अडचणीच्या जागा. चिकण माती, म्हणजे लंडन आणि मिडलँड्समध्ये बऱ्याच घरांत असते तशी, हिवाळ्यात पाणी धरून ठेवते आणि ब्रूमची मुळं कुजतात. तिथे लावायचंच असेल तर माती उंच करून, जाडी रेव मिसळून, उंचवट्यावर लावा, नुसता खड्डा खणून त्यात रेव टाकली तर त्या खड्ड्यात आजूबाजूचं पाणी येऊन साठतं आणि उलट जास्त नुकसान होतं. दुसरी अडचण चुन्याची जमीन. साध्या ब्रूमला किंचित आम्लधर्मी ते न्यूट्रल माती हवी, खडूच्या टेकड्यांवर ते पिवळट पडतं आणि लवकर जातं. नवीन बांधलेल्या घरांच्या बागेत बिल्डरने सिमेंट-चुन्याचा राडारोडा पुरलेला असतो, तिथे आधी एक स्वस्तातलं पीएच किट आणून माती बघा. चुनखडी निघालीच तर स्पॅनिश ब्रूम घ्या, त्याला चालते.

नॉर्थ फेसिंग बागेत चालेल का?

नाही. जगेल कदाचित, पण उजेडाकडे झुकलेलं, लांबट, खालून बोडकं असं काहीतरी होईल आणि फुलं चारच येतील. त्या जागेला दुसरं काहीतरी शोधा.

लावायचं कधी, आणि केवढं रोप घ्यायचं?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माती अजून कोमट असताना किंवा मग मार्च-एप्रिलमध्ये. रोप नेहमी लहान घ्या, हे मी पुन्हा पुन्हा सांगते आणि लोक पुन्हा पुन्हा फुलांनी लगडलेलं मोठं रोप उचलून आणतात. ब्रूमची मुळं डिवचलेली त्याला खपत नाहीत, मोठ्या रोपाची मुळं कुंडीत गोल फिरून बसलेली असतात आणि जमिनीत गेल्यावर ती पसरत नाहीत, मग झुडूप वाऱ्याने हलत राहतं आणि एखाद्या वादळात कलंडतं. दोन लिटरच्या कुंडीतलं छोटं रोप काही वर्षांत त्या मोठ्याला मागे टाकतं. आणि एकदा लावलं की लावलं, नंतर हलवायचं नाही.

खत कुठलं देऊ?

कुठलंच नाही. अति तिथे माती म्हणतात, इथे तर नुसती माती पण जास्त चांगली नको. नत्राचं खत दिलं तर हिरवंगार फोफावतं, फुलं कमी येतात, फांद्या मऊ पडतात आणि आयुष्यही घटतं. लॉनला टाकायचं खत उडून त्याच्या मुळाशी जाऊ देऊ नका एवढं बघा.

पाणी?

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, खोलवर. मातीच्या वरच्या थरावर रोज शिंपडण्यापेक्षा एकदाच बादलीभर बरं. पुढच्या वर्षापासून जमिनीतल्या ब्रूमला पाणी द्यायची गरज जवळजवळ नसते, ब्रिटनमध्ये तर नाहीच.

छाटणीबद्दल सगळे वेगवेगळं सांगतात. कधी, किती, कुठून?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, बहुतेक ब्रूम इथेच बिघडतात. एक तर लोक कापतच नाहीत आणि चार-पाच वर्षांत झुडूप वर जड, खाली लाकडाचे नुसते सांगाडे असं होतं, किंवा मग तसं झाल्यावर एक दिवस वैतागून करवत घेऊन गुडघ्यापर्यंत कापतात आणि ते मरतं.

ब्रूमला जुन्या तपकिरी लाकडातून नवीन फूट जवळजवळ येतच नाही. गुलाब किंवा जास्वंद कापायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पटत नाही, कारण जास्वंद कितीही खाली कापा, पुन्हा फुटते. ब्रूमचं तसं नाही. जिथे फांदी हिरवी आहे तिथेच कापायचं.

वेळ म्हणजे फुलं संपल्या संपल्या, जूनमध्ये किंवा फार तर जुलैच्या सुरुवातीला. यंदा ज्या काड्यांवर फुलं येऊन गेली त्या टोकाकडून दोन-तृतीयांश उडवायच्या, एक-तृतीयांश हिरवा भाग ठेवायचा. त्यावर नवीन काड्या येतात आणि पुढच्या वर्षीची फुलं त्या नवीन काड्यांवर. त्यामुळे हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडावर "साफसफाई" म्हणून कापलं तर तुम्ही यंदाची फुलंच कापून टाकता, मग मेमध्ये विचारता फुलं का नाही आली.

जूनमध्ये कापण्याचा अजून एक फायदा आहे, शेंगा धरायच्या आधीच जातात, झाडाची ताकद बियांवर खर्च होत नाही आणि बागेभर रोपं उगवत नाहीत. सुरुवात पहिल्याच वर्षापासून करा, रोप हातभर असताना. दरवर्षी थोडंथोडं केलं तर झुडूप गच्च राहतं. एकदा खालून बोडकं झालं की परत भरत नाही, तेव्हा काढून नवीन लावणं हाच उपाय, आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका.

म्हणजे आयुष्यच कमी असतं का याचं?

हो. दहा-पंधरा वर्षं म्हणजे भरपूर, बागेतली हायब्रिड त्याआधीच थकतात. भराभर वाढतं, भरभरून फुलतं आणि जातं. मला स्वतःला हे आवडतं, पण ज्यांना नातवंडांसाठी झाड लावायचंय त्यांनी सफरचंद लावावं.

व्हरायटी कुठली घेऊ? फोटो बघून डोकं चक्रावतं.

जागेच्या हिशोबाने ठरवा. मध्यम बाग असेल आणि पिवळंच हवं असेल तर डोळे झाकून सायटिसस प्रिकॉक्स गटातलं 'ऑलगोल्ड' घ्या, सव्वा-दीड मीटरपर्यंत जातं, फांद्या कमानीसारख्या झुकतात आणि एप्रिल-मेमध्ये काडी न काडी फुलाने झाकली जाते. याच गटातलं फिकट सायीच्या रंगाचं 'वॉर्मिन्स्टर' हे मूळ हायब्रिड, विल्टशायरमधल्या वॉर्मिन्स्टरच्या एका नर्सरीत १८६७ च्या सुमारास निघालं. रंग फार सुंदर, पण वास जरा उग्र, बसायच्या खुर्चीशेजारी नको.

लाल हवं असेल तर 'बॉस्कूप रूबी', किंवा लाल-पिवळं दुरंगी 'लेना', 'लेना' बुटकं राहतं त्यामुळे छोट्या बागेला बरं. या दुरंगी जातींचा मूळपुरुष 'अँड्रिएनस', पिवळ्या फुलाच्या पंखांवर गडद तांबडा-तपकिरी रंग, एकोणिसाव्या शतकात नॉर्मंडीत रानात सापडलेला. माझं मत विचाराल तर नवीन गुलाबी-नारिंगी जातींपेक्षा हा जुनाच उठून दिसतो.

भिंतीवरून किंवा रॉकरीवरून खाली सोडायचं असेल तर सायटिसस क्यूएन्सिस, हे क्यू गार्डन्समध्येच तयार झालेलं, उंची फूटभर आणि पसारा दीड मीटर, रंग सायीचा. किंवा जेनिस्टा लिडिया, दोन फूट उंचीचा पिवळा ढीग.

मोठी, उबदार, साऊथ फेसिंग भिंत असेल तर मोरोक्कोच्या डोंगरातलं पाइनॅपल ब्रूम लावा. पानं चंदेरी, रेशमी, फुलं उभ्या कणसांत आणि त्यांना चक्क अननसाचा वास. उंची चार-पाच मीटर जाते. आता शास्त्रज्ञांनी त्याला सायटिससमधून काढून वेगळं नाव दिलंय, पण नर्सरीवाले अजून सायटिसस बॅटॅन्डिएरी म्हणूनच विकतात.

आणि ज्यांना झाडाएवढं ब्रूम हवंय त्यांच्यासाठी माउंट एटना ब्रूम, सिसिली आणि सार्डिनियाचं, जुलैमध्ये फुलतं, सावली इतकी विरळ की खाली दुसरी रोपं आरामात वाढतात.

एका पार्कमध्ये एकाच झाडाला पिवळी, जांभळी आणि मळकट गुलाबी अशी तीन प्रकारची फुलं बघितली. फोटोशॉप नाही, खरंच.

विश्वास आहे. ते ॲडमचं लॅबर्नम. १८२५ मध्ये पॅरिसजवळ ॲडम नावाच्या नर्सरीवाल्याने लॅबर्नमच्या खोडावर जांभळ्या ब्रूमचं कलम केलं आणि जोडाच्या जागेवरून जी फांदी फुटली तिच्यात दोन्ही झाडांच्या पेशी एकत्र, आत लॅबर्नम आणि वर ब्रूमचं कातडं. त्यामुळे काही फांद्यांवर मिश्र गुलाबी फुलं येतात, काही फांद्या परत शुद्ध लॅबर्नम होतात, काही शुद्ध ब्रूम. दोनशे वर्षं झाली, त्याच एका फांदीची कलमं जगभर फिरतायत. झाड म्हणून जरा विस्कटलेलंच दिसतं, पण बघायला मिळालं तर थांबून बघा.

फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीत होईल?

छोट्या जाती होतात, 'लेना' किंवा क्यूएन्सिस. कुंडी खोल घ्या, लोम म्हणजे खरी माती असलेलं, जॉन इनिस टाइपचं कुंडीचं कंपोस्ट आणि त्यात चौथा हिस्सा जाडी रेव. जमिनीपेक्षा कुंडीत पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही आणि खाली बशीत पाणी साठू द्यायचं नाही. आयुष्य कमीच धरून चाला.

बियांपासून येतं का?

साधं ब्रूम छान येतं, हायब्रिडच्या बिया लावल्या तर आईबापासारखं काहीही येईल याची खात्री नाही. बियांचं कवच कडक असतं. उकळतं नाही पण चांगलं गरम पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवा, ज्या फुगतील त्या पेरा, न फुगलेल्या सँडपेपरवर हलक्या घासून परत भिजवा. खोल, अरुंद कुंडीत दोन-दोन बिया पेरा म्हणजे मुळं खाली सरळ जातील, आणि तिथून थेट जमिनीत, मधे कुंड्या बदलत बसू नका. फुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

हायब्रिड वाढवायची असेल तर कटिंग. जुलै-ऑगस्टमध्ये यंदाची अर्धी पिकलेली काडी, खालच्या टोकाला जुन्या फांदीची छोटीशी साल चिकटून येईल अशी ओढून काढायची, रेव-कंपोस्टमध्ये खोचायची आणि झाकायची. सगळी लागत नाहीत, जास्तीच लावा.

दुपारी बागेत टक-टक आवाज येतो, कुणीतरी खडे मारतंय असं वाटतं...

शेंगा फुटतायत. जुलै-ऑगस्टमध्ये शेंगा वाळून काळ्या होतात, शेंगेच्या दोन बाजू वाळताना उलट्या दिशांना पिळल्या जातात आणि ताण सहन होईनासा झाला की फटकन उघडून बिया काही मीटर लांब फेकतात. कडक ऊन असलं की जास्त ऐकू येतं. पुढचं काम मुंग्यांचं, प्रत्येक बीवर एक छोटा तेलकट गोळा असतो, मुंग्या तो खायला बी वारुळापर्यंत ओढत नेतात आणि खाऊन झाल्यावर बी तिथेच टाकतात.

मधमाश्यांसाठी चांगलं आहे का?

परागांसाठी हो, मधासाठी नाही, कारण या फुलात मध जवळजवळ नसतोच. पण बंबलबी काय गर्दी करतात! फूल बंद असतं तेव्हा पुंकेसर खालच्या नावेच्या आकाराच्या पाकळीत दाबून बसवलेले असतात. जड बंबलबी येऊन त्यावर बसली की ती पाकळी फाटते आणि सगळे पुंकेसर एकदम उसळून बाहेर येतात, आखूड पुंकेसर तिच्या पोटाला पराग लावतात आणि लांब पाठीवर आपटतात. एकदा उघडलेलं फूल परत मिटत नाही, त्यामुळे झुडपाकडे बघून कुठली फुलं उरकली ते तुम्हालाही कळतं. चहाचा कप घेऊन मेमधल्या सकाळी जवळ उभे राहा, हे उसळणं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मुलांना आवर्जून दाखवा. ग्रीन हेअरस्ट्रीक नावाच्या हिरव्या फुलपाखराच्या अळ्याही यावर वाढतात.

सासूबाई आल्यात, शेंगा बघून विचारतात कोवळ्या असताना भाजी होते का?

नाही! कृपया नाही. दिसतात वाटाण्याच्या चपट्या शेंगांसारख्या, पण झाडभर स्पार्टीन आणि त्याच्या जातीची अल्कलॉइड्स असतात, ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात आणि गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणजे गरोदर बाईने तर अजिबातच नाही. पूर्वी इंग्लंडमध्ये कळ्यांचं लोणचं घालायचे आणि पाल्याचा औषध म्हणून काढा करायचे हे खरं आहे, पण म्हणून आपण करायचं नाही. लहान मुलाने शेंगा-बिया खाल्ल्या तर वाट न बघता १११ ला (ब्रिटनमधली वैद्यकीय सल्ल्याची लाइन) फोन करा, त्रास दिसत असेल तर ९९९ (तातडीची मदत), कुत्र्याने खाल्ल्या तर व्हेटकडे. नुसतं हात लावल्याने काही होत नाही. रांगतं बाळ घरात असेल तर दोन-तीन वर्षं थांबा किंवा शेंगा धरायच्या आधी कापा, तसंही कापायचंच आहे.

मग देवाला फुलं वाहिली तर चालतील?

मी वाहते. खंडोबाला पिवळं आवडतंच. फक्त तीर्थाच्या भांड्यात आणि नैवेद्याच्या ताटाजवळ नको.

फांद्यांवर हिरव्या-करड्या गाठी आल्यात, फ्लॉवरच्या गड्ड्याचे तुकडे चिकटवल्यासारख्या. हे काय?

ब्रूम गॉल माइट. डोळ्यांना न दिसणारे कोळी-कुळातले किडे कळ्यांत शिरतात आणि कळीची फांदी किंवा फूल व्हायच्या ऐवजी तिची ही गाठ होते. थोड्या असतील तर त्या काड्या कापून टाका, झाड तगून जातं. खूप असतील तर फुलं कमी होतात आणि झुडूप खंगत जातं, आणि घरगुती बागेसाठी यावर औषध नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका. झाड फारच भरलं असेल तर उपटून टाका आणि त्याच बागेत लगेच दुसरं ब्रूम लावू नका.

ऑगस्टमध्ये सगळी पानं गळाली. मेलं का?

बहुतेक नाही. वर सांगितलं तसं कोरडं पडलं की ते पानं टाकतं. नखाने काडी खरवडून बघा, आत हिरवं आणि ओलसर असेल तर जिवंत आहे. काड्याच तपकिरी, ठिसूळ झाल्या असतील आणि बुंध्याशी माती चिखलासारखी असेल तर मुळं कुजलीत, त्याला इलाज नाही. सीअॅटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर किंवा ऑकलंडमध्ये राहत असाल तर मात्र मेलं तर बरंच झालं, का ते पुढे.

आम्ही अमेरिकेत आहोत, इथे रस्त्याच्या कडेला रान माजलंय याचं. एखादं घरी लावलं तर काय बिघडतं?

लावू नका. ज्या गुणांसाठी मी वर कौतुक केलं, गरीब मातीत वाढणं, स्वतःचं नत्र बनवणं, बिया उडवणं, मुंग्यांकडून पसरणं, तेच गुण परक्या मुलखात शाप होतात. युरोपात याला खाणारे किडे आहेत, स्पर्धा आहे, तिथे नाही. व्हँकुव्हर बेटावर १८५० मध्ये कॅप्टन वॉल्टर ग्रँट नावाच्या स्कॉटिश वसाहतवाल्याने सूक इथे हवाईतून मिळालेल्या बिया पेरल्या, त्यातली तीनच रोपं जगली असं सांगतात, आणि आज दक्षिण बेटावरची ओकची गवताळ माळरानं ब्रूमने गिळलीत. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टनमध्ये हे नोंदलेलं उपद्रवी तण आहे, वॉशिंग्टनमध्ये तर विकायलाही बंदी आहे. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या तणांच्या यादीत घातलं. न्यूझीलंडमध्ये तर याला आवरायला युरोपातून मुद्दाम किडे आणून सोडले, त्यात वर सांगितलेली ती गॉल माइटही आहे, म्हणजे आमच्याकडची कटकट ती तिकडची मदत.

फांद्यांत तेल असतं, वाळल्या की भडकन पेटतात, म्हणजे वणव्याला आयतं जळण. आणि जळाल्यावर जमिनीतल्या बिया उष्णतेने जाग्या होऊन अजून दाट उगवतात. तुमच्या राज्याची यादी तपासा आणि जवळच्या नेटिव्ह प्लांट नर्सरीत जा.

भारतात, पुण्यात किंवा महाबळेश्वरला होईल का?

पुण्याच्या एप्रिल-मेचं ऊन आणि त्यावर पावसाळा, हे त्याला झेपणार नाही. महाबळेश्वरचा पाऊस तर विचारूच नका. आणि समजा थंड डोंगरावर कुठे जगलंच तर ती जास्त वाईट बातमी, कारण भारतात हा प्रयोग आधीच झालाय. इंग्रजांनी हौसेने नीलगिरीत ब्रूम आणि गॉर्स नेलं, आणि आज उटीच्या वरच्या अंगाला, मुकुर्तीकडच्या गवताळ कुरणांत हे ब्रूम पसरलेलं आहे. त्या कुरणांवर नीलगिरी ताहर चरतो आणि शोला जंगलांसोबत तीच कुरणं पाणी धरून ठेवतात. तिथे ब्रूम उपटायची कामं चालतात आणि जमिनीतल्या बियांमुळे परत परत करावी लागतात. उटीला फिरायला गेलात तर फुलं बघा, शेंगा खिशात घालून आणू नका. सह्याद्रीच्या सड्यांवर, कासला वगैरे, असलं काही पोचायला नको.

त्यापेक्षा आपल्याकडचीच बघा. ताग फुलात आलेला पाहिलाय का? पिवळी मोठी फुलं, त्याच घडणीची, स्पॅनिश ब्रूमशेजारी ठेवलं तर फुलाने फसाल, आणि हिरवळीचं खत म्हणून शेतकरी पेरतातच. बागेसाठी खुळखुळा आहे, पिवळ्या फुलांचे तुरे आणि नंतर हलवल्यावर वाजणाऱ्या शेंगा. कोरड्या माळासाठी तरवड, दुष्काळातही पिवळा राहतो, जनावरं फारशी तोंड लावत नाहीत. फुकटात मिळणाऱ्या बिया आहेत, नर्सरीत मिळत नाहीत म्हणून आपण लावत नाही, एवढंच.

जुनं, मोठं ब्रूम काढायचंय. घर घेताना मागच्या लोकांनी लावलेलं आलंय.

लहान रोपं ओल्या मातीत मुळासकट उपटा. मोठं असेल तर खणत बसू नका, जितकी माती उकराल तितक्या जुन्या बिया वर येऊन उगवतील. फुलात असताना किंवा फुलं सरताना, शेंगा पिकायच्या आत, जमिनीलगत कापा, तेव्हा त्याची ताकद फुलांत गेलेली असते आणि जुन्या खोडाला परत फुटायला जमत नाही. शेंगा असलेल्या फांद्या घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, कौन्सिलच्या गार्डन वेस्टच्या बिनमध्ये द्या. बिया जमिनीत कित्येक दशकं जिवंत राहतात, त्यामुळे पुढची बरीच वर्षं दर वसंतात तीन-तीन पानांची बारकी रोपं दिसतील, बोटभर असतानाच उपटत राहायचं. तिथे दुसरं काही लावायचं असेल तर जाड मल्च, म्हणजे सालीचा किंवा पालापाचोळ्याचा थर, घाला, रोपं कमी उगवतील. माती नत्राने बरी झालेली असते, भाजीपाला चांगला येतो, पालक-मेथी लावून बघा.